मुरलेला रंग

कसबा पेठेत रंगाचा वाद झाला की तो नसीमबानूच्या पायरीवर येऊन संपायचा. साडीवर हे ब्लाउजपीस जातं का, जुन्या शालूचा उडालेला रंग परत येईल का, पडदा मोरपंखी म्हणायचा की नुसताच हिरवा, असले प्रश्न घेऊन बायका यायच्या. नसीमबानू पायरीवर बसून कापड उजेडात धरायची आणि निकाल द्यायची. अपील नव्हतं. रंगाई ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली होती, नवरा गेल्यावर दुकान तिने एकटीने ओढलं होतं, आणि इतक्या वर्षांत आपलं एकही कापड परत आलं नाही हे ती कोणी विचारलेलं नसतानाही सांगायची. कोणी वाद घातलाच तर म्हणायची, "माझे डोळे अल्लानं दिलेत. तुमच्यासारखे दुकानातून नाही आणले." समोरच्याला चष्मा असेल तर तो गप्प बसायचा. नसेल तरी बसायचा.

तिची रीत ठरलेली होती. गिऱ्हाइकाने नमुन्याचं कापड आणायचं. पातेल्यात रंग चिमटीने पडायचा, मोजून कधीच नाही. रंगवायच्या कापडाचं टोक बुडवायचं, पातेल्याच्या तापलेल्या अंगावर दाबून वाळवायचं, कारण ओलं कापड गडद दिसून फसवतं. मग पायरीवर येऊन ते टोक नमुन्याला लावून बघायचं. दोन्ही एक दिसली की काम झालं.

या सगळ्यावर तिचा आणखी एक शोध होता. रंग रात्रभर मुरावा लागतो. काही गिऱ्हाइकं, विशेषतः कॉलेजातल्या मुली, ताजं रंगवलेलं कापड बघून नाक मुरडायच्या. नसीमबानू त्यांना सांगायची, "आज ठेवून जा. उद्या बघ, मुरलेला असेल." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्या मुली खूश होऊन कापड घेऊन जायच्या. हा शोध तिने स्वतः लावला होता आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

जरीना ही तिची सून. मुलगा सिराज मार्केट यार्डात कांद्याच्या आडत्याकडे दिवाणजी होता. रंगांमध्ये त्याला लाल कांदा आणि पांढरा कांदा एवढेच ठाऊक. जरीना मात्र लग्न होऊन आली ती थेट पातेल्यापाशीच. पाणी भरणं, चूल सांभाळणं, कापडं पिळणं, वाळत घालणं, सगळं तिच्याकडे. नमुना लावून बघणं तेवढं सासूकडे. सासू-सुना एरवी आपसात दखनीत बोलायच्या. भांडण मात्र मराठीत चालायचं, कारण मग गिऱ्हाइकांना साक्षीला घेता यायचं.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात असं एक भांडण लव्हेंडरवरून झालं. नारायण पेठेतली नीरजा नावाची मुलगी कमीजचा तुकडा आणि पांढरी ओढणी घेऊन आली होती. ती कॉलेजात शिकवायची. "मावशी, अगदी असाच लव्हेंडर हवा," ती म्हणाली. नसीमबानूच्या समजुतीप्रमाणे लव्हेंडर हे राखाडीचंच इंग्रजी नाव होतं. तरुण मुलींना राखाडी म्हणायची लाज वाटते म्हणून काढलेलं. तिने ओढणी रंगवली, वाळवली, नमुन्याला लावली. तंतोतंत.

"अम्मी, हा राखाडी झालाय," जरीना म्हणाली. "नमुन्यात जांभळा आहे."

"जांभळा कुठे दिसला तुला?"

"दिसतोय ना. नीरजाताई, तुम्हीच सांगा."

नीरजाने ओढणी हातात घेतली, तुकडा शेजारी धरला आणि संकोचून म्हणाली, "मावशी, थोडा राखाडीच वाटतोय खरा."

नसीमबानूने मग शेवटचा साक्षीदार काढला. बाकावर यज्ञेश्वर मास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. शाळेत जन्मभर शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, जवळच राहणारे. आपलं धोतर ते नीळ आणि खळ करायला इथेच टाकत, कारण त्यांच्या मते इतकं पांढरंशुभ्र धोतर पुण्यात दुसरीकडे होत नव्हतं. मास्तरांनी दोन्ही कापडं हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"काडीचा फरक नाही," ते म्हणाले. "फरक शोधायचाच असेल तर आजकाल तरुण माणसांना कशातही सापडतो."

नीरजाने जरीनाकडे एकदा पाहिलं आणि ओढणी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी आली, ओढणी उघडून बघितली, "छान झालीय," म्हणाली आणि घेऊन गेली. मुरला होता रंग. नसीमबानूने मास्तरांकडे असं बघितलं की त्यांनीही मान डोलावली.

पण त्या दिवशी तिच्या मनाने एक गोष्ट घेतली. आपले गुडघे आता पातेल्यापाशी वाकत नाहीत आणि सुनेला नजर नाही. हात चांगला, कष्ट चांगले, पण नजर नाही. ती दुकानावर बसली तर वर्षभरात कसब्यातली माणसं हसतील. नाव घालवण्यापेक्षा शटर ओढलेलं बरं. हिंदुराव नावाचे एक गृहस्थ एसटीडी बूथ काढायला जागा शोधत होते, ते दोनदा विचारून गेले होते. तिने त्यांना निरोप धाडला: माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, ते झालं की पुढच्या रविवारी पेढे घेऊन या, बोलणं पक्कं करू.

जरीनाला हे कळलं तेव्हा ती कापड पिळत होती. तिने ते पुरतं पिळलं, झटकलं आणि मग म्हणाली, "अम्मी, दुकान गेलं तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायचंही नाही. एकदा मला एकटीला बसू द्या पायरीवर."

"नजर शिकवून येत नाही, बेटा. असते किंवा नसते." नसीमबानूला हे बोलताना वाईट वाटलं. सून तिला आवडत होती. पण आवडण्याने रंग जुळत नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं. "आणि आधी ते हात धू. कायम काळे. त्याच हातांनी भाकरी थापतेस."

डोळ्याचं म्हणाल तर मोतीबिंदू दोन्हीकडे होता. सुईत दोरा जात नव्हता, संध्याकाळी पायरीचा अंदाज चुकत होता. एवढं ती मान्य करायची. रंगाची नजर ही वेगळी चीज आहे आणि तिला काही होत नसतं, असंही सांगायची. सिराजने हट्टाने तिला दवाखान्यात नेलं. आधी उजवा डोळा करायचा, डावा पुढे सवडीने, असं ठरलं.

पट्टी निघाली तेव्हा नसीमबानूने सगळ्यात आधी अंगावरची चादर बघितली आणि तिच्यातली कारागीर जागी झाली. "या चादरीला नीळ कोणी घातली? हात फार सैल आहे."

"आजी, पांढरी आहे चादर," नर्स म्हणाली.

नसीमबानूने नवा डोळा मिटला आणि जुन्याने बघितलं. चादर जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची झाली. पुन्हा नव्याने बघितलं. निळसर, थंड, लख्ख. तिने डॉक्टरांना बोलावलं आणि डोळ्यात बसवलेली काच बदलून द्यायला सांगितलं, कारण ती निळी लागली होती.

डॉक्टर हसले. "आजी, काच साधी आहे. पिवळं पडलं होतं ते तुमच्या डोळ्यातलं भिंग. वर्षानुवर्षं थोडं थोडं पडत जातं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही."

नसीमबानूला हे मुळीच पटलं नाही. आपल्या मालाला कोण नावं ठेवतं? एक डोळा अल्लाचा, एक कारखान्यातला. खरा कोणता ते काय डॉक्टरांना विचारायचं?

घरी आल्यावर चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, वाकायचं नाही, गडद चष्मा लावायचा, असे हुकूम होते. म्हणजे पायरीवर नुसतं बसणं आलं. दुसऱ्याच सकाळी यज्ञेश्वर मास्तर तब्येतीची चौकशी करायला आले. नसीमबानूने चष्मा वर सरकवला. मास्तरांच्या कमरेपासून घोट्यापर्यंत आभाळ नेसवलेलं होतं. शाळेतल्या पोरांच्या शर्टाचा असतो तसला निळा. याच धोतरात मास्तर लक्ष्मी रोडवरून रोज फिरायला जात होते, लग्नाच्या पंगतींना बसत होते, आणि त्यांची पाठ वळल्यावर पोरं का हसतात यावर दोघांनी याच बाकावर बसून आजच्या पिढीला दोष दिला होता.

तिने उजवा डोळा मिटला. धोतर पांढरंशुभ्र झालं. "बसा मास्तर," ती कशीबशी म्हणाली.

दोन-चार दिवस ती समोर येईल ते पारखत राहिली. एका डोळ्याने बघायची, मग दुसऱ्याने. आयुष्यभर जे दिसलं त्याच्या भरवशावर तिने माणसांना खोटं पाडलं होतं. आता एकाच कपाळाखाली दोन साक्षीदार बसले होते आणि दोघंही छातीठोक बोलत होते. तिला भीती वाटली, अगदी मनापासून वाटली. पण घाबरून बसून राहणाऱ्यांतली ती नव्हती. निकाल लावायचा तर तो आपल्याच धंद्याच्या रीतीने लावायचा, असं तिने ठरवलं.

शनिवारी दुपारी तिने मांजरपाटाच्या एकाच तुकड्याच्या चिंध्या फाडल्या. काही चिंध्या नुसत्या पाण्यात बुडवल्या, काही पातळ निळीच्या पाण्यात. वाळल्यावर निळीच्या प्रत्येक चिंधीच्या टोकाला एक बारीक गाठ मारली, सगळ्याच चिंध्यांची टोकं आत दुमडली आणि त्या ओच्यात घेऊन खालीवर केल्या. दुमडीला हात न लावता चिंधी उजेडात धरायची, डोळ्याने सांगायचं, मग दुमड उलगडून बघायचं. फरक तिने स्वतःच्या हाताने घातला होता, म्हणजे तो होता, यात शंका नव्हती. आता तो कोणाला दिसतो एवढंच बघायचं होतं.

डाव्या डोळ्याला सगळ्या चिंध्या सारख्या दिसल्या. तो सांगेल तिथे कधी गाठ निघाली, कधी नाही. उजवा डोळा एकदाही चुकला नाही.

टोकं पुन्हा दुमडून तिने चिंध्या बाकावरच्या मास्तरांपुढे पसरल्या. "यातल्या निळसर निवडा."

मास्तरांनी वेळ घेतला. "हे काही कोडं असेल तर मला जमणार नाही. सगळ्या एकाच ठाणातल्या आहेत."

तेवढ्यात जरीना बादली घेऊन पायरी उतरत होती. तिने चालता चालता खाली बघितलं. "ही, ही आणि ती कडेची. नीळ लागलीय त्यांना," असं म्हणून ती नळाकडे गेलीसुद्धा.

नसीमबानूने त्या चिंध्यांची टोकं उलटून बघितली. गाठ, गाठ, गाठ.

तिने चिंध्या गोळा केल्या. आपण आणि मास्तर, आणि बाकावर येऊन बसणारी ती सगळी आपल्या वयाची माणसं, एकमेकांना बरोबर म्हणत आलो, कारण सगळ्यांच्या डोळ्यांवर तोच एक पडदा होता. सुनेला मात्र तिने भर दुकानात आंधळी ठरवलं होतं. तरीही तिच्या मनात एक खुंटी पक्की उरली होती. आपण इतके चुकत होतो, तर एकही कापड परत कसं आलं नाही? गिऱ्हाइकं काय सगळी म्हातारी होती? आणि तो रंग मुरायचा, तो?

रविवारी सकाळी नीरजा आली. मावशींची चौकशीही करायची होती आणि आईची एक साडीही टाकायची होती. मास्तर नेहमीप्रमाणे बाकावर होते. जरीना आत पातेल्यापाशी होती. नीरजाच्या खांद्यावर तीच ओढणी होती.

नसीमबानूने चष्मा काढला. ओढणी फिकट जांभळी होती. वांग्याच्या फुलासारखी, कोवळी, नितळ जांभळी. तिने घाईने उजवा डोळा मिटला: राखाडी. उघडला: जांभळी. रंगाई करणाऱ्या माणसाला हे समजायला दुसऱ्याची मदत लागत नाही. राखाडी कापड रात्रभर पडून राहिलं म्हणून त्यात जांभळा उगवत नाही. तो कोणीतरी चढवावा लागतो.

जांभळ्याची डबी तिने स्वतः किती दिवसांत उघडली नव्हती.

"जरीना," तिने हाक मारली, "इकडे ये. हात दाखव."

जरीनाला वाटलं, पुन्हा हात धुण्यावरून बोलणी बसणार. तिने ओले हात पदराला पुसले आणि पुढे केले. नसीमबानूने ते आपल्या हातांत धरून उजेडात आणले. ज्यांना ती वर्षानुवर्षं काळे म्हणत आली होती ते हात काळे नव्हते. नखांच्या कडांना जांभळा होता, बोटांच्या पेरांत गर्द निळा होता, अंगठ्याच्या रेषांत मोरपंखी मुरला होता. तिला न दिसणारे सगळे रंग सुनेच्या हातांवर बसले होते.

"कधी करायचीस?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण त्यातला निकाल गेला होता.

"तुम्ही दुपारी नमाज पढून आडव्या झालात की, अम्मी. कधीकधी तुमच्या समोरच, शेजारच्या पातेल्यात. तुम्हाला फरक दिसायचा नाही, मग लपवायचं कशाला?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं. लव्हेंडरच्या वेळी तर गिऱ्हाइकापुढे सांगितलं." जरीनाच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती. "तुम्ही म्हणायचा, दुकानाचं नाव जायला नको. मलाही तेच वाटायचं."

नीरजा पायरीवर खिळून उभी होती. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे माझं धोतर?"

जरीना म्हणाली, "निळं आहे, सर."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून तरी निळंच आहे."

"आणि ओढण्या सुधारल्यास, धोतर नाही सुधारलंस?"

"कमी नीळ घातली असती तर तुम्हाला पिवळं दिसलं असतं. एकदा करून बघितलं होतं. तुम्ही धुलाई बिघडली म्हणून अम्मींकडे तक्रार केलीत."

मास्तरांनी आपल्या मांडीवरचं धोतर चिमटीत धरून पाहिलं. त्यांना ते पांढरंच दिसत होतं. "जन्मभर मुलांना सांगितलं, डोळ्यांनी पाहा आणि मगच विश्वास ठेवा," ते म्हणाले. "आता त्या सगळ्यांना गाठून पुढचं वाक्य सांगायला हवं. नसीमबी, त्या डॉक्टरांचा पत्ता द्या."

नेमके याच वेळी हिंदुराव आले. स्वच्छ सफारी, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा मोठा पुडा. त्यांनी दुकानाच्या भिंती नजरेने मापायला सुरुवातही केली. "काय मावशी, डोळा काय म्हणतोय? मग आज पक्कं करायचं ना?"

"करायचं," नसीमबानू म्हणाली. "पुडा उघडा."

हिंदुरावांनी पुडा उघडला. तिने पहिला पेढा उचलला आणि पातेल्यापाशी परत जायला निघालेल्या सुनेच्या तोंडात घातला, सगळ्यांसमोर. "दुकान आजपासून हिचं," ती मोठ्याने, मराठीत म्हणाली. नळावरच्या बायकांनाही ऐकू जायला हवं होतं. "हिला नजर नाही असं मी गल्लीभर सांगत फिरले. नजर हिचीच होती. मला दिसत नव्हतं. घ्या मास्तर, पेढा घ्या. नीरजा, तू पण घे."

"अहो, पण पेढे मी आणलेत," हिंदुराव म्हणाले.

"म्हणून तर तुम्हालाही देतेय. पुढच्या चौकात चपलांचं दुकान बंद झालंय, बूथला ती जागा बरी. इथे धूर फार होतो."

हिंदुरावांनी पेढा खाल्ला, कारण तो त्यांचाच होता, आणि ते पुढच्या चौकात गेले.

पेढा तोंडात तसाच ठेवून जरीना रडत होती. नसीमबानूने तिला रडू दिलं. स्वतःही रडली असती, पण डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं सांगितलं होतं. तिने पायरीवरची आपली चटई उचलून झटकली, पुन्हा अंथरली आणि स्वतः कडेला सरकली. जरीना पुढे आली आणि जागेवर बसली, पण अवघडून, अर्धी बाहेर.

"नीट बस."

जरीना नीट बसली. नीरजाने आणलेली साडी तिने मांडीवर घेतली, उजेडात धरली आणि थांबली. "अम्मी, एक विचारू? उद्या माझ्याही डोळ्यावर पडदा आला, थोडा थोडा, तर मला कसं कळणार?"

"तुला नाही कळायचं," नसीमबानू म्हणाली. याविषयी तिला आता कसलीही शंका नव्हती. "शेजारी पातेलं ढवळणारी असेल ना, तिला कळेल. ती बोलली की वाद घालायचा नाही, चिंध्या काढायच्या आणि गाठी मारायच्या."

"पण माझ्या शेजारी आहे कोण?"

नसीमबानूने गडद चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पदराच्या टोकाने डावा डोळा झाकून घेतला.

"मी आहे," ती म्हणाली. "दाखव ती साडी."